नदीपलीकडचा परदेश

सुमनवहिनी,

भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी सवय जुनीच. ऐन रंगात आलं की तुला चुलीवरचं दूध आठवायचं, नाहीतर कोंबड्या झाकायच्या राहिलेल्या असायच्या. मी आपली पुढचं वाक्य तोंडात धरून बसलेली. पण या वेळी तू हद्द केलीस. ज्या भांडणावर आपण दोघी म्हाताऱ्या झालो, ते जालन्याच्या दवाखान्यात खाटेवर अर्धं सोडलंस आणि निघून गेलीस. माझं उत्तर तयार होतं. आता ते घेऊन मी घरभर फिरते आहे.

तुला माती देऊन आठवडा व्हायचाय. मंडळींनी चर्चच्या पत्रकासाठी तुझ्याबद्दल लिहून मागितलं आहे. जन्म कुठला, शाळा कोणती, मागे कोण कोण. ते दादा सांगेल आणि कुणीतरी उतरवून घेईल. त्यात ‘प्रभूमध्ये झोपी गेल्या’ असंही येईलच. तुला दुपारीसुद्धा आडवी झालेली मी कधी पाहिली नाही, त्यामुळे ते वाक्य काही मला पटत नाही. मी आपली तुझ्याशीच बोलते.

आपली ती प्रार्थनेची गोष्ट हसनाबादची मंडळी अजून सांगतात, आणि दर वेळी थोडी वाढवून सांगतात. परवा दफनाहून परतताना एकजण तर म्हणाला की पाळकसाहेबांना दर्शन झालं होतं. दर्शन कसलं! त्यांचा मोतीबिंदू नुकता काढला होता आणि डोळ्यांवर तो जाडा काळा चष्मा होता, एवढंच.

नर्सिंग संपवून मी मलावीला निघाले होते. आफ्रिकेत आहे, यापलीकडे कुणाला त्या देशाची माहिती नव्हती, मलाही फारशी नव्हती. पण आजवर बाहेरचे लोक आपल्याकडे सेवेला आले, आता भोकरदन तालुक्यातली मुलगी बाहेरदेशी सेवेला चालली, याचं सगळ्यांना कोण अप्रूप. पत्र्याचं ते चर्च माणसांनी फुलून गेलं. आपल्यात कुणी सेवेला निघालं की त्याला पुढे गुडघ्यांवर बसवतात. पाळक आणि चर्चची वडीलमंडळी त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि प्रार्थना करून त्याला पाठवतात. हात पडला नाही तर माणूस आपल्या मनानं गेला, हात पडला की तो पाठवलेला. त्या प्रार्थनेची वाट मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून पाहत होते. डोक्यावर कुणाकुणाचे हात असतील तेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं.

पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. मी उठले, आणि तेवढ्यात तुझं लक्ष सतरंजीच्या दुमडलेल्या कोपऱ्याकडे गेलं. दुमडलेलं काही दिसलं की तुला राहवायचं नाही. तू पुढे होऊन गुडघ्यांवर बसलीस आणि कोपरा सारखा करायला लागलीस. तुझंही लुगडं पांढरं, माझंही पांढरं. पाळकसाहेबांनी चष्म्यातून पांढरं काहीतरी वाकलेलं पाहिलं, हात ठेवला आणि डोळे मिटून सुरू केलं. प्रार्थना म्हटल्यावर सगळ्या चर्चनं डोळे मिटले. वडीलमंडळींनीही मिटल्या डोळ्यांनी हात पुढे केले आणि पाळकांचा हात जिथे होता तिथे ठेवले. डोळे उघडे होते ते फक्त माझे, कारण मी उभीच होते.

तू त्या हातांखालून एकदा माझ्याकडे पाहिलंस. प्रार्थना चालू असताना उठायचं नसतं, हे तुझ्या बापानं तुला लहानपणीच शिकवलेलं. मग तूही डोळे मिटलेस. आणि पाळकसाहेब बोलतच राहिले. दूर देशी जाणारी ही तुझी दासी, जिथे हिला कुणी ओळखत नाही तिथे तू हिच्या आधी जा, हिचं भय काढून घे, हिला बसायला जागा दे. सुंदर प्रार्थना होती गं. अशी प्रार्थना त्यांनी पुन्हा कधी केली नाही असं लोक म्हणतात.

आमेन झालं, डोळे उघडले आणि चर्चमध्ये जे काही पसरलं त्याला हसू म्हणावं की काय, मला आजही सांगता येत नाही. पुन्हा करा, असं कुणीतरी मागून म्हणालं. पाळकसाहेब गोंधळले. देवाला कळलं असेल कुणासाठी होती ते, असं म्हणून त्यांनी गीत सुरू केलं, कारण जालन्याच्या गाडीची वेळ झाली होती. सगळं चर्च माझी ट्रंक घेऊन स्टँडवर आलं.

तिथे तू माझा पदर धरलास. लोकांत तू मला रूथबाई म्हणायचीस, तुम्ही म्हणायचीस. स्वयंपाकघरात मी नुसती रूथ. त्या दिवशी स्टँडवर तू सगळ्यांदेखत एकेरीवर आलीस. “ती तुझी होती गं. मी काय करू तिचं?”

मी खिडकीतून म्हटलं, “ठेव तुझ्यापाशी. आता तूच जा.”

माझं बोलणं रागाचं होतं, आणि तसं ते कुणीही समजलं असतं. तुझ्याशिवाय कुणीही.

भोकरदनच्या दुकानदाराची लेक तू. लग्न होऊन आलीस तेव्हा पाहुणे आले की दाराआड उभी राहायचीस. दुकानात मीठ मागायचं तरी दादाला पाठवायचीस. अशी तू, डोक्यावर चुकून पडलेले हात घेऊन विचार करत बसलीस की आपला दूर देश कोणता. आणि नदीपलीकडची धनगरवस्ती तुला सापडली. घराच्या मागून ती दिसायची. पण तुझ्या ओळखीचं तिथे कुणी नव्हतं, आणि वस्तीवरच्या कुत्र्यांना अख्खं गाव भ्यायचं. प्रार्थनेतलं सगळं तिथे बरोबर लागू पडत होतं. तुझ्या दृष्टीनं तो परदेशच होता.

शुक्रवारी जायचीस. हातात दादाची काठी आणि पिशवीत शिळ्या भाकरीचे तुकडे, कुत्र्यांसाठी. वस्तीच्या कडेला बाभळीखाली उभी राहायचीस आणि परत यायचीस. बाया पाहायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. तुला विचारणार तरी काय? तुझ्याकडे विकायला काही नव्हतं, मतं मागायची नव्हती. दादानं एकदा विचारलं की तिथे करतेस तरी काय. तू म्हणालीस, उभी राहते. तो म्हणाला, मंग बरं हाय. दादाचा स्वभाव तुला ठाऊकच.

मग वस्तीवरच्या कोंडाबाईची सून बाळंतपणात अडली. वस्तीवरचे पुरुष मेंढरं घेऊन लांब चारणीला गेलेले. कोंडाबाई कधी जालन्याला गेलेली नाही. तिनं बाभळीकडे पाहिलं आणि तुला हाक मारली, कारण तिथे दुसरं उभं कोण होतं? तू सुनेबरोबर जीपमध्ये बसलीस. दवाखान्यात केसपेपर काढलास, नर्सच्या मागे मागे फिरलीस आणि पोर होईपर्यंत व्हरांड्यात बसून राहिलीस. सुनेला विचारलंस, आमच्या देवापाशी बोलू का. ती कण्हत म्हणाली, बोला की, बोलायला काय जातंय.

मलावीत मला तुझं पत्र आलं. मी आधी उलटंपालटं करून पाहिलं, पुढचं पान हरवलं की काय म्हणून. दोनच वाक्यं होती. आज कोंडाबाईनं घोंगडं टाकलं. मी बसले.

त्यानंतर ते तुझं कामच होऊन गेलं. वस्तीवरची कुठलीही बाई दवाखान्यात जायची असली की तुला निरोप यायचा. मग वस्तीपुरतंही राहिलं नाही. हसनाबादेतल्या पाटलांच्या घरच्या सुनासुद्धा घरच्यांना न सांगता तुझ्याबरोबर तपासायला जायला लागल्या. त्याला तू सेवा म्हणत नव्हतीस, मिशन तर नाहीच. सोबत म्हणायचीस. आज सोबतीला गेल्ते, उद्या सोबतीला जायचंय. चर्चमधल्या एकानं विचारलं, इतकी वर्षं जाता, किती जण प्रभूकडे आणले? तू म्हणालीस, “मी आणायला न्हाई जात, बसायला जाते. आणायचं ज्याचं काम हाय तो बघंल.” ते उत्तर काही जणांना आवडलं नाही. मलासुद्धा तेव्हा नीटसं आवडलं नव्हतं.

आणि इथूनच आपलं भांडण. मी दर काही वर्षांनी सुटीवर यायचे. चर्चचर्चमध्ये माझी भाषणं व्हायची. मलावीचं तळं, तिथली गाणी, एकेका खाटेवर दोन दोन पोरं, सगळं सांगायचे. लोक रडायचे, हार घालायचे. घरी आले की तू भाकरी थापता थापता मला उभी-आडवी घ्यायचीस. तिकडंच जायला पायजे असं काय हाय? मी म्हणायचे, तिकडे माणसं सलाईनवाचून मरतात. तू म्हणायचीस, “इकडं काय अमर हायेत का?” मी म्हणायचे की दूर जाण्यात काहीतरी सोडावं लागतं, तेच तर बोलावणं. तू म्हणायचीस की जवळ जाण्यात जास्त सोडावं लागतं, कारण जवळचे आपल्याला ओळखतात. आणि शेवटी मी माझा हुकमी एक्का काढायचे. माझी प्रार्थना लुबाडून वर मलाच शिकवतेस का, म्हणायचे. मग तुला दूध आठवायचं.

पण एक गोष्ट मी तुला नीट कधी सांगितली नाही. चिडवण्यात राहून गेली. मलावीच्या आमच्या दवाखान्यात रोग्याबरोबर घरचं माणूस राहतं, अंगणात चूल मांडून रांधतं. ज्याला कुणी नाही तो उपाशी पडून राहायचा. एकदा तिथल्या चर्चमधल्या बायांना मी गंमत म्हणून तुझी गोष्ट सांगितली. चष्मा, सतरंजी, कुत्री, सगळं. त्या खूप हसल्या. पुढच्या आठवड्यात ग्रेस नावाची त्यांची पुढारीण दोघीतिघींना घेऊन वॉर्डात आली आणि विचारायला लागली की इथे एकटं कोण आहे. तेव्हापासून त्या येतात. त्यांच्या भाषेत शब्द वेगळा आहे, पण काम तेच. नदीपलीकडे जायला तुला काठी लागायची आणि तुझी सोबत समुद्र ओलांडून कुठल्याकुठे पोचली होती.

ग्रेस इकडे पाहुणी म्हणून आली तो हिवाळा आठवतो का? काय विचारते मी. तुला सगळं आठवायचं. तिला आपलं गाव म्हणजे दूर देश. आपल्या थंडीत ती तुझी गोधडी पांघरून वस्तीवर आली आणि कुत्री भुंकताच तुझ्या मागे लपली. तू तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिलास आणि कसा टाकायचा ते दाखवलंस. कोंडाबाईनं तिच्या वेण्या बोटांनी चाचपून पाहिल्या आणि तिला मांडीशी ओढून बसवलं. परतताना ग्रेस मला म्हणाली, या बाईला इथे कुणी पाठवलं ते विचार. मी विचारलं. मला वाटलं तू वर बोट करशील, नाहीतर पाळकसाहेबांचं नाव घेशील. तू माझ्याकडे बोट केलंस.

म्हणालीस, “हिनंच तर म्हटलं, तूच जा.”

ग्रेस हसली. मी हसले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणार.

यंदा मी कायमची परत आले. आता आराम, असं ठरवलं होतं. संभाजीनगरला भाचीनं माझ्यासाठी खोली पाहून ठेवली आहे, चर्च चालत जाण्याच्या अंतरावर, शेजार शिकलेला. ट्रंक मी उघडलीसुद्धा नव्हती. आणि तू आजारी पडलीस. तुझ्याबरोबर जालन्याला मी आले. तू बसायचीस तो व्हरांड्यातला बाकही पाहिला. तिथली आया मला म्हणाली की तुमच्या वहिनीचा तो बाक आहे, दुसरं कुणी बसलं की आम्हाला चुकल्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी तुला जरा बरं वाटत होतं. तू संभाजीनगरचा विषय काढलास. मी म्हटलं, वहिनी, माझं काम झालं. तू डोळे मिटून म्हणालीस, “तुझी नोकरी सरली. बोलावणं कुठं सरतंय?”

मी नेहमीसारखं चिडवायला गेले आणि निघालं ते वेगळंच. म्हटलं, मला कुठे कुणी पाठवलं होतं? माझ्या डोक्यावर हात पडलाच नाही. सगळा जन्म मी तिकडे बिनहाताची राबले.

तू डोळे उघडलेस. मग बोटानं मला जवळ बोलावलंस. मी वाकले. सलाईनची पट्टी लावलेला तुझा हात तू उचललास आणि माझ्या डोक्यावर ठेवलास. तो तिथे राहिला. ओठ हलत होते की श्वास लागला होता, मला कळलं नाही; मी नर्स आहे, मला कळायला हवं होतं. मग म्हणालीस, “केस किती विस्कटून राह्यलेत तुझे.” तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली आणि मला बाजूला व्हावं लागलं. पहाटे तू गेलीस.

मी तुला उत्तर देणार होते की ती वस्ती तुझी, ती माणसं तुझी, तिथे मला कोण विचारतं? तयार होतं ते हेच.

तुझ्या मातीला वस्ती आली होती. कुंपणाबाहेर उभे होते सगळे, आत यावं की नाही म्हणून. दादा गेला आणि कोंडाबाईला हाताला धरून आत घेऊन आला. ती आता पार वाकली आहे. तिनं मूठभर माती टाकली आणि नव्या तरुण पाळकांना सरळ विचारलं, “मंग आता शुक्रवारचं कसं?” त्यांनी वडीलमंडळींकडे पाहिलं. वडीलमंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, यासाठी एक समिती नेमू. तू असतीस तर तोंडाला पदर लावला असतास. कोंडाबाईला समिती म्हणजे काय ते कळलं नाही. ती माझ्याकडेही पाहत होती, आणि मी दुसरीकडे पाहत होते.

हे सगळं मी काल सकाळपर्यंत लिहिलं. काल शुक्रवार होता.

भाचीचा फोन आला होता की गाडी घेऊन येते, ट्रंक तयार ठेव. मी ट्रंक ओट्यावर आणली. दादा न्याहारी करून उठला, टोपल्यातली शिळी भाकरी घेतली आणि ओट्यावर बसून तिचे तुकडे करायला लागला. लहान लहान, तुझ्या पिशवीत असायचे तसे. इतकी वर्षं शुक्रवारी ते त्याचंच काम होतं हे मला ठाऊक नव्हतं. तुकडे पिशवीत भरले, पिशवी खुंटीला अडकवली, खाली काठी टेकवली. आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो तसाच खुंटीकडे पाहत उभा राहिला.

मी ट्रंक तिथेच सोडली. आरशासमोर गेले. केस खरंच विस्कटलेले होते, पण मी ते सारखे केले नाहीत. पिशवी घेतली, काठी घेतली. दादा म्हणाला, “पिवळ्या कुत्र्याला आधी टाक. त्यानं खाल्लं की बाकीचे गप होतात.” भाचीला काय सांगू, म्हणाला. म्हटलं, सांग की रूथ बाहेरदेशी गेली.

नदीला घोटाभर पाणी होतं. आफ्रिकेत मी साप पाहिले, तुफानात होडीतून बाळंतिणीकडे गेले, पण त्या बाभळीखाली मला जी भीती वाटली ती तुलाच कळेल. पिवळ्याला आधी टाकलं. तो गप झाला. बाया पाहत होत्या आणि आपल्या कामाला लागत होत्या. मी उभी राहिले. करायचं काय ते तुझ्यामुळे मला माहीत होतं.

बऱ्याच वेळानं कोंडाबाई खोपटातून बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं पाहिलं. सुमनबाईची नणंद ना तुमी, म्हणाली. जवळ आली, माझ्या हातातली तुझी पिशवी पाहिली.

“कोनी पाठवलं तुमाला?”

माझ्या तयार उत्तराचं काय झालं कोण जाणे, वहिनी. मी माझ्या डोक्याला हात लावला, जिथे तुझा होता तिथे.

म्हटलं, “वहिनीनं.”

कोंडाबाईनं मान हलवली, आत गेली आणि घोंगडं आणून टाकलं.

मी बसले.